कोणाची गं तू? शहरातून लहान गावात आलेल्या मुलीसाठी

दर जूनमध्ये माझ्या शिकवणीला एक तरी मुलगी अशी येते, जी पहिले पंधरा दिवस दारालगतच्या जागेवरून हलत नाही. वडिलांची बदली झालेली असते, बँकेत नाहीतर धोम धरणाकडे पाटबंधारे खात्यात. किंवा पुण्या-मुंबईचं घर परवडेनासं होऊन सगळे आजोबांच्या घरी परत आलेले असतात. तास संपला की ती चपला घालताना रेंगाळते आणि हळूच विचारते, "ताई, इथं मुली करतात तरी काय?"

याचं उत्तर मी दरवेळी तुकड्यातुकड्यानं देत आले. एकदा सलग लिहून ठेवावं म्हणून हे लिहितेय. मी स्वतः २०१४ च्या जूनमध्ये डोंबिवलीहून वाईला आले. वय चौदा, नववीत प्रवेश. बाबांची अंबरनाथची कंपनी बंद पडली होती, आजी मधल्या आळीतल्या घरात एकटी होती, आणि दोन्ही अडचणींवर घरच्यांना वाई हा एकच उपाय सुचला. खंबाटकीचा घाट संपून सुरूर फाट्याला एसटी आत वळली तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. आईला ते कळत होतं, पण ती काही बोलली नाही. तिनं फक्त माझ्या मांडीवरची पाण्याची बाटली काढून स्वतःकडे घेतली.

तुझं गाव वाई नसेल. फलटण असेल, अंबाजोगाई असेल, सावंतवाडी असेल. माणसांची आणि नद्यांची नावं बदलून घे, बाकीचं बरंच लागू पडेल.

पहिल्या प्रश्नाची तयारी

आल्यावर तिसऱ्या दिवशी आजीनं मला मंडईत कोथिंबीर आणायला पाठवलं. भाजीवाल्या मावशींनी जुडी हातात देता देता विचारलं, "कोणाची गं तू?" मी नाव सांगितलं. "नाव न्हाय विचारलं. कोणाची?" मी आडनाव सांगितलं. तरी त्यांचं समाधान होईना. मागं उभ्या असलेल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, मधल्या आळीत शिवणकाम करायच्या त्या आजी नाहीत का, त्यांची नात. मुलगा आलाय ना त्यांचा परत." मावशींनी मला नीट न्याहाळलं, जुडीवर चार मिरच्या टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

घरी येऊन मी जुडी ओट्यावर आपटली. डोंबिवलीत एका मजल्यावर चार बिऱ्हाडं होती, सात वर्षांत कुणी मला असं विचारलं नव्हतं. इथं तीन दिवसांत अख्ख्या मंडईला माझे बाबा परत आलेत हे ठाऊक. आणि माझं नाव मात्र कुणाला नकोच होतं.

आजीनं कोथिंबीर निवडत सांगितलं की तो प्रश्न म्हणजे पत्ता विचारणं. तू कोणत्या घरातली हे कळलं की रात्री उशीर झाला तर कुणाला हाक मारायची, पाय मुरगळला तर कुठं नेऊन सोडायचं, हे त्या माणसाला कळतं. मला तेव्हा ते पटलं नाही. चार महिन्यांनी सायकलची साखळी तुटून मी रविवार पेठेत उभी होते, तेव्हा एका अनोळखी दादांनी "तू त्या शिवणकामवाल्या आजींची ना?" म्हणत साखळी बसवून दिली. त्या दिवशी पटलं.

म्हणून या प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेव. आजी-आजोबांचं घर असेल तर त्यांना गाव काय म्हणून ओळखतं ते विचारून घे. मला त्या निमित्तानं कळलं की आजोबा गेल्यावर आजीनं एका शिलाई मशीनवर तीन मुलं वाढवली आणि अर्ध्या आळीची परकर-पोलकी तिच्या हातची होती. चौदा वर्षं मी तिला फक्त सुट्टीतली आजी समजत होते.

गावात नात्याचं कुणीच नसेल, बदलीनं आलेली असशील, तर "धोमच्या पाटबंधाऱ्यातल्या साहेबांची" एवढ्यावर थांबू नकोस. त्याला स्वतःची एक गोष्ट जोड. "पाटबंधाऱ्यातल्या साहेबांची, आणि मी पेटी वाजवते." माझ्या एका विद्यार्थिनीनं हे असंच सांगायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत भजनी मंडळातल्या दोन बायका तिच्या घरी विचारायला आल्या. लोक प्रश्न वडिलांबद्दलचा विचारतात हे खरं, पण लक्षात दुसरा भाग राहतो. तो भाग खरा असू दे मात्र. जे येत नाही ते सांगशील तर महिन्याभरात उघडं पडेल, कारण इथं लोक विसरत नाहीत.

बसायची एक जागा

खोलीत बसून राहू नकोस, हे सगळेच सांगतात. मग जायचं कुठं, हे कुणी सांगत नाही. लहान गावात मुलीला निवांत बसायला जागा मिळणं अवघड असतं. चहाच्या टपरीवर मुलगे बसतात, पारावर म्हातारी माणसं बसतात, आणि मुलगी थांबली की लगेच "कुणाची वाट बघतीयास?" असं येतं.

मी निवडली ती गणपती घाटावरची, वरून चौथी पायरी. निवडताना मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आता शिकवणीतल्या मुलींना मी तीन गोष्टी बघायला सांगते. तिथं इतर बायकांचा सहज वावर हवा, म्हणजे तुझ्या असण्याचं कुणाला नवल वाटणार नाही. तिथून घरी दहा मिनिटांत पायी येता आलं पाहिजे. आणि बसल्या बसल्या बघायला काहीतरी हवं, म्हणजे मोबाईल लागणार नाही.

माझ्यासमोर ढोल्या गणपतीचं देऊळ होतं. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. त्याच्या मागच्या भिंतीकडे पहिला महिनाभर माझं लक्षच नव्हतं. मग जुलैत कृष्णेला पाणी चढलं. लोक घाटाच्या वर उभं राहून बघत होते, मीही गेले. गढूळ लोंढा देवळावर येत होता आणि भिंतीशी दुभंगून दोन्ही बाजूंनी सरळ निघून जात होता. ती भिंत माशाच्या आकाराची बांधलेली आहे, टोक प्रवाहाकडे करून, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी कळलं. बाजूच्या आजोबांना मी विचारलं, "मुद्दाम केलंय का हे?" ते एवढे खूश झाले की अर्धा तास सांगत राहिले. गावाबद्दल मी कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न.

पावसाळ्यात पाणी वाढलेलं असताना खालच्या पायऱ्यांवर जायचं नाही. शेवाळानं पाय घसरतो, आणि धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. त्या दिवसांत आपली जागा बदलायची.

तिथं करायचं काय? काहीच नाही. अर्धा तास बसायचं. पहिले आठ दिवस फार जड जातात. मी पायऱ्या मोजायचे, धुणी आपटायचे आवाज मोजायचे. नवव्या-दहाव्या दिवसापासून डोक्यात स्वतःचं बोलणं ऐकू यायला लागलं. डोंबिवलीत माझं डोकं सतत दुसऱ्यांच्या बोलण्यानं भरलेलं असायचं, आणि ते मैत्रिणींचं होतं म्हणून मला आवडायचं. पण मला स्वतःला काय हवं असतं याचा विचार करायची वेळच आली नव्हती, हे त्या पायरीवर कळलं. मी वही न्यायला लागले ती त्यानंतर.

बोली, आणि माझी चूक

हे लिहायला मला अजूनही जड जातं, पण सांगायलाच हवं.

वर्गातल्या मुली "आलीया", "गेलीया", "लय भारी" असं बोलायच्या. मी आईच्या फोनवरून डोंबिवलीच्या मैत्रिणींना रोज रात्री त्यांच्या बोलण्याची नक्कल रेकॉर्ड करून पाठवायचे. तिकडून हसण्याचे मेसेज यायचे, आणि तेवढ्यापुरतं मी अजून तिथलीच आहे असं वाटायचं. त्यातली एक नक्कल माझ्या बाकावरच्या मुलीची होती. ती बावधनहून एसटीनं यायची, मला तिनं पहिल्याच दिवशी स्वतःची इतिहासाची वही दिली होती. डोंबिवलीतल्या एकीची मावसबहीण वाईत होती. आठ दिवसांत ती नक्कल वर्गात पोचली.

बावधनच्या मुलीनं भांडण केलं नाही. तिनं दप्तर उचललं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. जाताना एवढंच म्हणाली, "मला तुझं बोलणं किती गोड वाटायचं."

त्यानंतर दोन महिने माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मला सगळ्या वर्गासमोर माफी मागायची होती, आजीनं ते करू दिलं नाही. ती म्हणाली, "जिला दुखवलंस तिच्या घरी जा." मी गेले. बसस्टँडवरून एकटी, हातात आजीनं दिलेला लाडवांचा डबा. तिच्या आईनं दार उघडलं, आणि मी काय बोलायचं ते विसरले. "मी वाईट वागले" एवढंच म्हटलं. तिच्या आईला काहीच माहीत नव्हतं, तिनं घरी सांगितलंच नव्हतं. मैत्रीण बाहेर आली, मला गोठ्याकडे घेऊन गेली, आणि आम्ही दोघी म्हशीला वैरण टाकत बराच वेळ गप्प उभ्या राहिलो.

त्या वर्षीच्या रंगपंचमीला तिनं मला बगाड बघायला बोलावलं. भैरवनाथाच्या नवसाचं बगाड कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनला बैलांनी ओढत आणतात. बगाड्या, म्हणजे नवस फेडायला बगाडाला टांगून घेणारा माणूस, कोण होणार याचा कौल होळीच्या रात्री लावतात. शेतातून, ढेकळातून तो प्रचंड लाकडी गाडा येताना मी पहिल्यांदा पाहिला. तिचे काका बैलांच्या पुढे होते, ती मला प्रत्येक बैलजोडी कोणाची ते सांगत होती. तिच्या त्याच बोलीत. ती बोली सोडून ते सांगताच आलं नसतं, हे मला ऐकतानाच जाणवलं.

यातून काय घ्यायचं? नव्या गावाचे किस्से जुन्या मैत्रिणींना सांग, पण त्यात जी माणसं आहेत त्यांच्या तोंडावर सांगता येतील एवढेच सांग. जुन्या मैत्रिणींसाठी आठवड्यातला एक दिवस ठरव. मी रविवार ठरवला. रोज रात्री फोनवर बसलीस तर दिवसभर इथं जे घडतं ते तू तिकडे सांगण्यासाठीच बघत राहशील.

बोली मुद्दाम उचलायला जाऊ नकोस आणि स्वतःची मुद्दाम जपूही नकोस. वर्षभरात ती आपोआप मिसळते. मी आज "कुठं" म्हणते, "कुठे" म्हणत नाही. कधी बदललं ते सांगता येणार नाही.

शाळेचं थोडक्यात. इंग्रजी माध्यमातून आली असशील तर सेमी इंग्रजी आहे का ते आधी विचार, त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकी मराठीतून. तरी वर्गात सगळे लसावि-मसावि, समद्विभुज असंच बोलतात, म्हणून एका वहीत दोन रकाने करून शब्द लिहीत जा. दोन महिन्यांत ती वही लागेनाशी होते. दाखला वेळेत काढून आण.

काहीतरी वाढायला घे

मला कुणी एकच उपाय विचारला तर मी हा सांगेन: गावात एखादं सामुदायिक काम चालू असेल तिथं जाऊन "मी काय करू?" असं विचार. "मला येऊ का?" असं विचारू नकोस, त्यावर लोक पाहुणी म्हणून खुर्ची देतात.

वाईत थंडी सरत येते तेव्हा कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा उत्सव असतो. एकेका घाटाचा, एकेका आळीचा, आळीपाळीनं. देवीची मूर्ती मिरवत घाटावरच्या मांडवात आणतात, भजनं, कीर्तनं, ओट्या भरणं आणि महाप्रसाद. आमच्या आळीचा उत्सव आला तेव्हा मी नुकती पंधरा वर्षांची झाले होते आणि वर्गात एकटी होते. आजीनं मला स्वयंपाकाच्या मांडवात नेलं आणि तिथल्या काकूंपुढे उभं केलं. मी विचारलं, "मी काय करू?" त्यांनी माझ्या हातात मिठाची वाटी दिली.

मीठ वाढणं सगळ्यात सोपं म्हणून नव्या मुलीला देतात असं मला वाटलं. पहिल्याच पंगतीत कळलं की तसं नाही. पान मांडलं की सगळ्यात आधी मीठ पडतं, पानाच्या वरच्या बाजूला मध्यभागी. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. मीठ चुकीच्या जागी पडलं की मागून येणाऱ्या सगळ्यांचं चुकतं. किती घ्यायचं? तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं. वाकायचं कंबरेतून, आणि पानावर हाताची सावली आली तरी बाही लागता कामा नये. मी पहिल्या दहा पानांवर फार वाढलं. कोशिंबीर घेऊन मागून येणाऱ्या एक आजी पुढं झाल्या, त्यांनी माझी चिमूट स्वतःच्या बोटांत धरून सैल केली. "एवढंच. लागलं तर मागतील." बस. त्यापुढे एकही पान चुकलं नाही.

त्या दिवशी माझ्या हातून चार पंगती वाढल्या गेल्या. शेवटच्या पंगतीला वाढणारे बसतात. मी पानावर बसले आणि समोर मीठ घेऊन कोण आलं, तर मंडईतल्या त्या मावशी. त्यांनी मला ओळखलं. "अगं, तूच का ती मीठवाली? चांगलं वाढलंस."

त्यांनी त्या दिवशी मला "कोणाची" असं विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मला कोशिंबीर मिळाली. त्याच्या पुढच्या वर्षी, अकरावीत, वरणाची बादली. बादली जड असते आणि गरम असते, ती सांडणाऱ्या माणसाला देत नाहीत. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझ्याबद्दल कुणीतरी काहीतरी नीट पारखून ठरवलं आहे, आणि ते माझ्या मार्कांवरून ठरवलेलं नाही.

तुझ्या गावात कृष्णाबाई नसेल, पण गणपती असेल, जत्रा असेल, शाळेचं स्नेहसंमेलन असेल, वाचनालयाची पुस्तकमोजणी असेल. वाईत मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते, तिथं खुर्च्या मांडायलाही हात लागतात. काम लहान घे आणि नीट कर. पहिल्याच वर्षी सूत्रसंचालन मागू नकोस.

बोट कुठं थांबतं

मला काय आवडतं हे मला ठाऊक नव्हतं. डोंबिवलीत जो क्लास मैत्रिणी लावायच्या तो मी लावायचे. नृत्य दोन वर्षं, मग कराटे, मग काहीच नाही.

वाचनालयात मी पहिल्यांदा गेले ती पंख्याखाली बसायला. तिथं कपाटात मराठी विश्वकोशाचे खंड होते. विश्वकोशाचं कार्यालय वाईतच आहे, गंगापुरीत, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी प्रमुख संपादक म्हणून हे काम इथं बसून उभं केलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ग्रंथपाल काकांनी मला एक गोष्ट सांगितली जी कुठल्याही गोळीपेक्षा उपयोगी पडली: तर्कतीर्थ मूळचे वाईचे नव्हतेच. धुळ्याकडच्या पिंपळनेरहून ते प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. माझ्याच वयाचे. खानदेशातून, एवढ्या लांबून, ओळखीचं फारसं कुणी नसलेल्या गावात. आज वाई म्हटलं की लोक त्यांचं नाव घेतात.

मी पहिला खंड काढला, "अंक ते आतुरचिकित्सा". वाचायचं असं ठरवलं नव्हतं, नुसती पानं उलटत होते. काही दिवसांनी लक्षात आलं की मी राजेराजवाडे, लढाया, देशांची माहिती पटापट उलटते, अंटार्क्टिकाशी थोडी थांबते, आणि आंब्याच्या नोंदीशी मात्र तास गेला तरी हलत नाही. कलमं, मोहोर, कीड, फळाची वाढ. आंबा मी जन्मभर खाल्ला होता, तो कसा होतो हे कधी मनात आलं नव्हतं. दुसऱ्या खंडात तेच. तिसऱ्यात तेच. झाडांपाशी बोट थांबायचं.

पुढे मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते या बोटाच्या सांगण्यावरून. घरच्यांना समजावताना माझ्याकडे पुरावा होता: वहीत तारखेनिशी लिहिलेलं होतं की कोणत्या दिवशी काय वाचत किती वेळ बसले.

तूही असं करून बघ. आवड कोणती, असा प्रश्न स्वतःला विचारू नकोस, चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याचं उत्तर येत नाही आणि मग उगाच घाबरायला होतं. खूप गोष्टी समोर असतील अशा ठिकाणी जा, मोठा कोश, आठवडी बाजार, एखाद्याचं गॅरेज, हळदीचा हंगाम चालू असलेलं शेत, आणि नुसतं टिपून ठेव की कशापाशी वेळ कळला नाही. महिनाभर टिप. मग वही वाच. लहान गावात याचा एक मोठा फायदा असतो, काम उघड्यावर चाललेलं असतं. हळद शिजवताना, मूर्ती रंगवताना, बैलाला पत्र्या मारताना तू शेजारी उभी राहू शकतेस आणि विचारू शकतेस. शहरात हे सगळं दाराआड असतं.

बातमी तुझ्या आधी घरी पोचते

दहावीत असताना एका मुलाकडून मी स्टँडवर गणिताची वही घेतली. दोन मिनिटांचं काम. मी घरी पोचेपर्यंत आजीला दोघींनी सांगून झालं होतं, आणि त्या दोन मिनिटांचा अर्धा तास झाला होता.

यावर भांडून उपयोग नाही, मी करून बघितलं आहे. उपाय एकच: आपली बातमी आपणच आधी घरी सांगायची. निघतानाच सांगायचं, "स्टँडवर अमक्याकडून वही घेणार आहे." मग कुणी सांगायला आलं की आजी म्हणते, "हो, माहितीये मला." एवढ्यानं ती बाई गप्प बसते. असं चार-पाच वेळा झालं की लोक सांगायला यायचे कमी होतात, आणि घरचे तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायला लागतात. पुढे मेणवलीपर्यंत सायकलनं जायची, घाटावरची ती चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर आलेली मोठी घंटा बघत बसायची परवानगी मला याच विश्वासावर मिळाली.

पण एक फरक ओळखायला शीक. लोक बोलतात हे वेगळं, आणि कुणी पाठलाग करतंय, अंगाला हात लावतंय, फोटो पसरवायची धमकी देतंय हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात "लोक काय म्हणतील" हा विचार एक क्षणही करायचा नाही. त्याच दिवशी घरात सांग. घरात सांगता येत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फुकट क्रमांक आहे. ताबडतोब मदत हवी असेल तर ११२.

एकटेपणा आणि त्याच्या पुढचं

पहिले सहा महिने वाईट वाटणारच. मला दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी सात वाजता, डोंबिवलीत आम्ही खाली खेळायला उतरायचो त्या वेळी, पोटात खड्डा पडायचा. ते हळूहळू गेलं.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, ज्या गोष्टी आवडायच्या त्याही नकोशा झाल्या असतील, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार मनात येत असेल, तर घाटावर बसून ते जाणार नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही, मराठीत, पैसे न देता बोलता येतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं तिथं फोन केला, मी शेजारी बसले होते. पलीकडच्या ताईंनी तिला आधी विचारलं की आज जेवलीस का. ती रडायला लागली, आणि मग वीस मिनिटं बोलली. पुढे तिच्या आईला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं.

हे आईबाबांना वाचायला दे

"होईल सवय" असं तिला म्हणू नका. मला ते शंभर वेळा ऐकवलं गेलं आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की माझं जे मागं राहिलं त्याला किंमत नाही. बदली असो की नोकरी सुटलेली असो, खरं कारण तिला नीट सांगा. बाबांची कंपनी बंद पडलीय हे मला आत्यानं सांगितलं, आणि तोवर मी महिनाभर समजत होते की आम्ही आजीसाठी आलोय आणि बाबा हट्टी आहेत.

तिला एक सायकल घेऊन द्या, जुनी चालेल. उत्सवाच्या मांडवात पहिल्यांदा जाताना सोबत जा, आणि तिच्या हातात वाटी पडली की तिथून निघून या. मागं उभं राहून "अगं, नीट वाढ" म्हणू नका.

आणि संध्याकाळी ती परत आली की "अभ्यास झाला का?" च्या आधी विचारा, "आज कुठं बसली होतीस? काय दिसलं?" माझी आजी रोज विचारायची. काही दिवस मी "काही नाही" म्हणायचे. ती पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारायची, भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता. एका दिवशी मी म्हटलं, "आज खंड्या दिसला. तिसऱ्या पायरीवर." आजीनं तवा उतरवला आणि म्हणाली, "कुठल्या बाजूला? मला दाखव उद्या."